रहीम साहेबांचा तास

मित्रांनो, लेखाचं नाव वाचून टाईमटेबल काढू नका, त्यात हा तास सापडायचा नाही. हा तास सकाळी सहाचा, ग्राउंडवरचा. आणि ज्यांचा हा तास, ते सर १९६३ सालीच गेले. तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांचे वडीलसुद्धा जन्मले नव्हते!

या वर्षी आपली फुटबॉल टीम पहिलीच मॅच ७-० ने हरली, हे हॉस्टेलमध्ये कुणाला सांगायची गरज नाही. मेसमध्ये पोळ्या वाढणाऱ्यालाही स्कोअर पाठ होता. पण सातपैकी दोन गोल सरळसरळ माझ्यामुळे झाले, हे मात्र टीमबाहेर कुणाला माहीत नाही. बॉल पायात आला की तो कुणाला द्यायचाच नाही, ही माझी जुनी खोड. दोघांना चकवायचं, तिसऱ्याने बॉल काढून घ्यायचा आणि पुढचं सगळं गोलकीपरने बघायचं. मॅचनंतर कुणी मला काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी जिमखान्याच्या सरांना सांगून टाकलं की मी उद्यापासून येत नाही. सबमिशनचं कारण पुढे केलं आणि शनिवारी गावाकडची एसटी धरली.

माझं गाव येलदरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. सिव्हिलवाल्यांना पूर्णा नदीवरचं धरण म्हणून माहीत असेल. धरण १९६८ साली पूर्ण झालं, पायथ्याला २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे. बाकी गाव पक्कं क्रिकेटचं. फुटबॉलची आवड घरात फक्त दोघांना, मला आणि नव्वदीला टेकलेल्या आजोबांना. आजोबांचं कसं, तर आमचा सगळा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात. त्यांचं शाळेतलं शिक्षण उर्दूत झालं आणि पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षं ते हैदराबादला राहिले. साल १९५३-५४. तिथे त्यांनी सिटी पोलीसच्या मॅचेस पाहिल्या.

टीम सोडली म्हटल्यावर आजोबा रागावले नाहीत. त्यांनी रहीम साहेबांची गोष्ट काढली. लहानपणी ती अर्धवट ऐकली होती. या वेळी शेवटपर्यंत ऐकली आणि परत आल्यावर लायब्ररीत बसून तारखा, स्कोअर पडताळून घेतले. २०२४ मध्ये आलेला मैदान हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, तेच हे. पण सिनेमात कोच जास्त दिसतो. आजोबांच्या गोष्टीत होता तो मास्तर.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि विद्यापीठाच्या टीममधून खेळले. म्हणजे सुरुवात आपल्यासारखीच, कॉलेजच्या टीमपासून! बी.ए. झाल्यावर शाळामास्तरकी धरली. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांत शिकवलं, शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला आणि शाळेतले खेळ अंगावर घेतले. १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि १९५० पासून सिटी पोलीसचे कोच. ही दोन्ही कामं त्यांनी मरेपर्यंत केली.

आता मला झोंबलेला भाग सांगतो. या मास्तरांनी हैदराबादच्या पोरांसाठी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या. बॉल आला की पास, आपल्याजवळ ठेवायचाच नाही! दुसऱ्या एका प्रकारात ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचं. म्हणजे नुसतं समजावून न सांगता खेळाचा नियमच असा करायचा की सवय आपोआप मोडली पाहिजे. गरीब पोरांवर त्यांचं विशेष लक्ष. पुढे ऑलिंपिक खेळलेला तुलसीदास बलराम सिकंदराबादकडचा, घरची परिस्थिती बेताची. सरावाला येणं त्याला परवडेना, तेव्हा भाड्याच्या सायकलचे पैसे रहीम साहेबांनी दिले, असं सांगतात.

निकाल काय लागला? सिटी पोलीसने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप जिंकला. १९५० च्या ड्युरँड फायनलमध्ये मोहन बागानविरुद्ध दोन गोलने मागे पडूनही मॅच २-२ अशी बरोबरीत सोडवली आणि पुन्हा झालेली मॅच १-० ने मारली. आजोबा हे सांगताना अजून सरळ होऊन बसतात.

भारताची टीमही त्यांच्याकडेच आली. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धेत इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक! पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. तिथली थंडी, आपले बरेच खेळाडू अनवाणी आणि समोर युगोस्लाव्हिया. निकाल १०-१. मित्रांनो, आपले सात या दहापुढे काहीच नाहीत, आणि ते दहा तर सगळ्या जगासमोर!

दुसरा कुणी असता तर थंडीला दोष देऊन मोकळा झाला असता. इथे त्या हरण्याचा हिशेब मांडला गेला. फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीम साहेबांनी खेळाची मांडणीच बदलायला घेतली. तेव्हा आपल्याकडे डब्ल्यू-एम पद्धत चालायची. तीन बॅक, दोन हाफ आणि पुढे पाच जण. हंगेरीच्या टीमने सेंटर फॉरवर्डला मागे ओढून युरोपला चकवलं होतं, ते त्यांनी हेरलं आणि आपल्या पोरांना शिकवलं. पुढे तर ते ४-२-४ वर गेले. आपण एखादी डिझाईन फेल गेल्यावर गणित पुन्हा करतो ना, तसंच हे.

चार वर्षांनी, १९५६ ला मेलबर्न. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ ने हरवलं आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने हॅट्ट्रिक केली. भारत सेमी फायनलला! समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. हरलो ४-१ ने आणि ब्राँझची मॅचही बल्गेरियाकडून ३-० ने गेली. पण त्याच टीमपुढे दहाचे चार झाले होते आणि आपण जगात चौथे होतो. १९६० ला रोममध्ये फ्रान्सला १-१ असं रोखलं.

शेवटचा अध्याय १९६२, जाकार्ता. रहीम साहेबांना तोवर कॅन्सरने गाठलं होतं. पहिलीच मॅच दक्षिण कोरियाकडून २-० ने हरलो. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जर्नेल बॅकला खेळणारा. हेडिंग करणं आणि टॅकलला भिडणं हेच त्याचं मुख्य काम, आणि तेच आता धोक्याचं! रहीम साहेबांनी त्याला थेट सेंटर फॉरवर्ड केलं. त्याने दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या सेमी फायनलमध्ये गोल केला आणि आपण ३-२ ने जिंकलो.

४ सप्टेंबरला फायनल, समोर पुन्हा तीच कोरिया. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी येऊ दिलं नव्हतं. त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्याने बोट ठेवल्यामुळे तिथली जनता आपल्यावर चिडलेली. भरलेलं स्टेडियम आपल्या विरोधात ओरडत होतं. आदल्या रात्री रहीम साहेबांनी पोरांकडे एकच भेट मागितली, सुवर्णपदक, असं सांगतात. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, थोड्याच वेळात जर्नेलने दुसरा. कोरियाने शेवटी एक फेडला, पण तोवर उशीर झाला होता. २-१! एशियाडच्या फुटबॉलमध्ये त्यानंतर आजवर आपल्याला सुवर्णपदक मिळालेलं नाही. ११ जून १९६३ ला रहीम साहेब गेले. वय अवघं ५३.

रविवारी रात्री मी हॉस्टेलवर परतलो. सोमवारी सहाला ग्राउंडवर गेलो तर नऊ जण आले होते. सरांनी सबमिशनबद्दल काही विचारलं नाही. मी टीमला ती ड्रिबलिंग-बंदीची कल्पना सांगितली आणि सगळे हसले, कारण सांगणारा मी! हॉस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर पाच-पाच जणांच्या मॅचेस सुरू झाल्या (दहावे खुद्द सर!). बॉल तीन टचच्या वर ठेवला की समोरच्यांना फ्री किक. पहिल्या दिवशी एकट्या माझ्यामुळे अकरा फ्री किक गेल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. मधल्या दिवसांत मला प्रथमच दिसलं की आमचा लेफ्ट विंगर दर वेळी मोकळा असायचा, आणि मी त्याच्याकडे कधी बघतच नव्हतो.

पुढची मॅच आम्ही २-१ ने हरलो. शेवटची १-० ने जिंकलो. तो गोल माझा नाही, त्या लेफ्ट विंगरचा आहे. पास माझा. गटातून बाहेर पडलोच, तेव्हा कप वगैरे काही नाही, ट्रॉफीचं कपाट जसं होतं तसंच आहे. आजोबांना फोन करून स्कोअर सांगितला, तर त्यांनी आधी गोल कुणाचा विचारलं, मग पास कुणाचा. माझा म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आजीला हाक मारून तिलाही सांगितलं.

फायनल इयरचे चौघे आता जातील. जागा रिकाम्या आहेत. फर्स्ट इयरवाल्यांनो, बूट नसले तरी या, हॉस्टेलमध्ये जुने दोन-तीन जोड पडून आहेत. तास सहाला सुरू होतो. हजेरी घेतली जात नाही, पण कोण आलं नाही ते सगळ्यांना कळतं.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)