चित्रकाराचा डोळा, गायकाचा कान



येशूसंघीय कवी फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांची आज आम्ही ओळख करून देत आहोत. त्यांचा जन्म १८४४ साली इंग्लंडमधील एका अँग्लिकन कुटुंबात झाला. त्यांचे दोन भाऊ चित्रकार झाले. तेही झाडे, लाटा, ढग यांची रेखाचित्रे काढीत. १८६६ साली संत जॉन हेन्री न्यूमन यांनी त्यांना कॅथलिक ख्रिस्तसभेत सामावून घेतले.

१८६८ साली येशूसंघात जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या कविता जाळल्या. वरिष्ठांच्या इच्छेवाचून लिहायचे नाही, असे ठरवून ते सात वर्षे जवळजवळ गप्प राहिले. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ जहाजाच्या अपघातात जर्मनीतून निर्वासित झालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी मरण पावल्या. यावर कोणीतरी कविता लिहावी, असे वरिष्ठ म्हणाले आणि त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. मात्र येशूसंघाच्या मासिकाने ती कविता छापली नाही.

हॉपकिन्स ओळीतली अक्षरे नव्हे, तर आघात मोजीत. कविता मोठ्याने वाचून कानांनी ऐकावी, असा त्यांचा आग्रह असे. ते गीतांना चालीही लावीत. प्रत्येक वस्तूचे वेगळेपण ते चित्रकाराच्या नजरेने टिपत. त्याला डन्स स्कोटस यांच्या तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला आणि त्या वेगळेपणात त्यांना निर्माणकर्ता दिसला.

१८८९ साली डब्लिन येथे विषमज्वराने, वयाच्या ४४ व्या वर्षी ते प्रभुघरी गेले. त्यांचा कवितासंग्रह मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ साली प्रसिद्ध केला.

आपल्या कॉयरमध्ये मागच्या रांगेत गाणाऱ्यांनी, वेदी सजवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. देवाला वाहिलेले काहीच वाया जात नाही.