वृक्षच्छायेतील विद्यालय

कोलकात्यातील जोडासाँकोच्या ठाकूरवाड्यात ७ मे १८६१ रोजी जन्मलेल्या रवींद्रनाथ टागोरांना शाळेच्या चार भिंती कधीच मानवल्या नाहीत. शाळा पालटल्या, तरी त्यांचे औपचारिक शिक्षण अपुरेच राहिले. त्या कोंडमाऱ्यातूनच एका वेगळ्या विद्यालयाची कल्पना त्यांच्या मनात रुजली.

वडील देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये बोलपूरजवळच्या उजाड माळावर जागा घेतली होती. तेथेच, शांतिनिकेतनात, रवींद्रनाथांनी डिसेंबर १९०१ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी आश्रमशाळा काढली. वर्ग आंब्याच्या, सालाच्या सावलीत भरू लागले. शाळेसाठी पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले. १९०२ मध्ये त्या निवर्तल्या. पुढील पाच वर्षांत कन्या रेणुका, वडील आणि धाकटा पुत्र शमींद्र हेही गेले. शाळा मात्र त्यांनी बंद पडू दिली नाही.

१९१३ च्या नोबेल पारितोषिकाची रक्कमही संस्थेच्याच कामी आली. १९२१ मध्ये विश्वभारती उभी राहिली. १९२८ मध्ये वृक्षारोपणाचा उत्सव सुरू झाला. बीरभूमच्या कडक उन्हात झाड हेच वर्गाचे छप्पर होते. १९३५ मध्ये सुरेंद्रनाथ कर यांनी त्यांच्यासाठी ‘श्यामली’ हे घर बांधले. त्याच्या भिंती मातीच्या, छप्परही मातीचेच. जाड मातीतून धग आत उतरण्यास वेळ लागतो, हे खेड्यातील जुने शहाणपण त्यात होते. १९४० मध्ये गांधीजी येथेच उतरले होते.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांचे निधन झाले. २०२३ मध्ये शांतिनिकेतनला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. झाडांखालचे वर्ग मात्र त्याआधीही भरत होते, आजही भरतात.