वसईच्या विद्यालयांतील एक विद्यार्थी : संत गोन्सालो गार्सिया

ठाणें व कल्याण येथील आमचे बहुतेक विद्यार्थिबंधु वसईचा किल्ला पाहून आलेले असतात. दिवा-वसई लोहमार्गामुळें डोंबिवलीच्या मुलांसही ही सहल एका दिवसांत साधते. परंतु परत आलेल्यांस विचारावें, तर चिमाजी अप्पांचा पुतळा पाहिला, तट पाहिला, पडक्या भिंतींपुढें छायाचित्रें घेतलीं, यापलीकडे फारसें कोणी सांगत नाहीं. त्या पडक्या भिंतींपैकीं कांहीं एका विद्यालयाच्या आहेत, आणि तेथें शिकलेला वसईचाच एक मुलगा जपानांत क्रुसावर मरण पावून भारतभूमींत जन्मलेला पहिला संत ठरला, हें ठाऊक असणारे थोडे. त्याचें नांव गोन्सालो गार्सिया. वसई २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत गेली. तोंपर्यंत ती ठाणें जिल्ह्यांतच होती, म्हणून हा मुलगा आमच्याच जिल्ह्याचा असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. त्याचें चरित्र सांगण्यास त्या इमारतींखेरीज दुसरें चांगलें साधन नाहीं. यास्तव वाचकांस बरोबर घेऊनच आम्ही किल्ल्यांत शिरतों.

प्रथम जागेविषयीं दोन शब्द. इ. स. १५३४ मध्यें गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. पुढील दोनशें वर्षें हें शहर त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होतें, आणि ठाणें व साष्टी हीं त्याच्याच हुकमतीखालीं असत. तटाच्या आंत एक संपूर्ण नगर वसलें. तटास मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडचा व दुसरा खाडीकडचा. आंत उंच घंटामनोऱ्याचें जें चर्च दिसतें, तें संत योसेफांचें मुख्य मंदिर. तें १५४६ सालीं उभें राहिलें व १६०१ सालीं पुन्हां बांधण्यांत आलें. मनोऱ्यांत वर चढणारा चक्राकार जिना आहे. फ्रान्सिस्कन साधूंचें संत अंतोनींचें मंदिर आणखी भव्य. त्याच्या जमिनींत पोर्तुगीज घराण्यांचीं थडगीं असून शिळांवर त्या त्या कुळाचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. पावसाळ्यांत त्या अक्षरांवर शेवाळ चढतें आणि सरदार कोण व शिपाई कोण हें कळेनासें होतें.

डॉमिनिकन साधूंच्या मंदिरापाशीं मात्र नांवावरून फसूं नये. १५८३ सालचें हें मंदिर संत गोन्सालोच्या नांवें होतें खरें, परंतु तो गोन्सालो पोर्तुगालांतील आमारांत येथला जुन्या काळचा साधु. मंदिर बांधलें गेलें तेव्हां आमचा गोन्सालो संत नव्हता आणि वसईंतही नव्हता. तो कोठें होता, तें पुढें येईल. ऑगस्टिनियन मठ, मिझेरिकॉर्डिया ही दानसंस्था, इत्यादि इमारतींवरून आम्ही पुढें सरकतों, कारण आपणांस गांठावयाचें आहे तें येशूसंघीयांचें आवार.

१५४८ सालीं फ्रान्सिस झेवियर वसईस येऊन गेले. त्यानंतर लौकरच येशूसंघीयांच्या येथील मंदिराचा व विद्यालयाचा पाया पडला. झेवियर स्वतः १५४९ च्या ऑगस्टांत जपानच्या किनाऱ्यास लागले. वसईचें विद्यालय व जपानांतील धर्मप्रसार यांचा आरंभ असा एकाच सुमाराचा आहे, हें ध्यानांत ठेवावें. मंदिराची दर्शनी बाजू किल्ल्यांतील सर्वांत सुबक म्हणतां येईल. उभ्या पन्हाळी कोरलेले खांब, त्यांच्या माथ्यावर पानांची नक्षी, आणि दारावर संघाचीं तीन अक्षरें. शेजारीं चौकाभोंवतीं विद्यालयाच्या ओवऱ्या व खोल्या होत्या. छप्पर केव्हांच गेलें. भिंतींच्या सांध्यांत पिंपळ रुजले आहेत. हल्लींच्या भाषेंत बोलावयाचें, तर मठ, मंदिर, पाठशाळा व वसतिगृह एकत्र असलेलें हें विद्यापीठाचेंच आवार होय.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईस झाला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई येथलीच. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीं तो या ओवऱ्यांत आला व पंधराव्या वर्षापर्यंत येथेंच शिकला. धर्मशिक्षण, वाचन, लेखन, प्रार्थनागायन हे अशा पाठशाळेचे विषय. परंतु त्याच्या पुढील आयुष्यास जी गोष्ट उपयोगी पडली ती कोणत्याही तासास शिकविली जात नव्हती असें आम्हांस वाटतें. घरीं आईची एक भाषा, बापाची दुसरी, मंदिरांत तिसरी. एका भाषेंतून दुसरींत उडी मारण्याची संवय ज्यास बाळपणींच लागते, त्यास परकी भाषा परकी राहत नाहीं. आमच्या शाळेंत मराठी, इंग्रजी व हिंदी यांच्या कात्रींत सांपडल्याची तक्रार करणाऱ्या मुलांनीं याचा विचार करावा.

सेबास्तियांव गोन्साल्विस नांवाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनीं या मुलास आपल्या छायेखालीं वाढविलें होतें. त्यांच्याबरोबर तो १५७२ सालीं जपानांत पोहोंचला. वय पंधरा. नागासाकी बंदर पोर्तुगीज गलबतांस खुलें होऊन अवघें एक वर्ष झालें होतें. तेथील भाषा त्यानें लौकरच इतकी आत्मसात केली कीं धर्मगुरूंच्या बरोबरीनें गांवोगांव जाऊन तो शिकवूं लागला. मुलें त्याच्याभोंवतीं जमत. आठ-दहा वर्षें हें काम त्यानें इमानें केलें. मनांत इच्छा एकच, संघानें आपणांस आपलें म्हणावें.

ती इच्छा पुरी झाली नाहीं. हिंदुस्थानांत जन्मलेल्या देशी अथवा मिश्र रक्ताच्या मुलांस संघांत घेऊं नये, असा त्या काळीं पूर्वेकडील वरिष्ठांचा कल होता. जपानी तरुणांविषयीं त्यांचें मत अनुकूल होतें, व त्यांस प्रवेशही मिळे. म्हणजे वसईच्या ओवऱ्यांत वाढलेला मुलगा ज्यांस शिकवीत होता त्यांच्यासाठीं दार उघडें होतें, त्याच्यासाठीं नव्हतें. या गोष्टीवर आम्ही पांघरूण घालीत नाहीं. ज्या संघानें त्यास अक्षर शिकविलें त्याचें ऋण मोठें आहे. परंतु शिकविणें निराळें आणि आपल्या पंक्तीस बसविणें निराळें.

गोन्सालो संघाचें काम सोडून मकावकडे गेला व व्यापारांत पडला. व्यापार चांगला चालला, पैसा हातीं आला, पूर्वेकडील बंदरांत त्याची ये-जा वाढली. या काळाविषयीं विशेष सांगण्याजोगें नाहीं. सुखी माणसाचें चरित्र आंखूडच असतें. पुढें मनिला येथें त्याची फ्रान्सिस्कन साधूंशीं ओळख झाली आणि १५८८ सालीं त्यानें सर्व व्यापार आटोपून त्यांच्या पंथांत प्रवेश केला, तोही धर्मगुरु म्हणून नव्हे, केवळ सेवकबंधु म्हणून. येथून पुढें त्यांस आदरार्थी बहुवचनानेंच संबोधणें युक्त होय.

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील पाठविले. त्यांचे प्रमुख पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरु होते, आणि दुभाषी म्हणून त्यांच्या सोबत गोन्सालो निघाले. प्रसंग नाजूक होता. हिदेयोशीनें १५८७ सालींच परदेशी धर्मगुरूंस देश सोडण्याचा हुकूम काढलेला, कोरियाशीं युद्ध चाललेलें, आणि फिलिपाइन्सनें आपणांस शरण यावें अशी त्याची मागणी. अशा दरबारांत एक शब्द इकडचा तिकडे झाला तर वकिलांचीं डोकीं जावयाचीं. गोन्सालोंनीं तें काम निभावलें. साधूंस जपानांत राहण्याची मोकळीक मिळाली, क्योतो येथें जागा मिळाली, आणि तेथें त्यांनीं मंदिर व महारोग्यांसाठीं रुग्णालयें उभारलीं. वकिलाचें नांव इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिलें जातें, दुभाष्याचें बारीक. परंतु क्योतोच्या त्या महारोग्यांस आसरा मिळाला, यांत वसईच्या या दुभाष्याचा वांटा लहान नव्हता.

तीन वर्षांनीं सर्व फिरलें. ऑक्टोबर १५९६ मध्यें सान फेलिपे हें स्पॅनिश गलबत मनिलाहून मेक्सिकोकडे जातांना वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. त्या वेळीं गलबतावरील एका नाविकानें आपल्या राजाच्या पराक्रमाची फुशारकी मारतांना, आधीं धर्मगुरु जातात व मागून सैन्य जातें, अशा अर्थाचें कांहीं सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. कथा खरी असो वा रचलेली, हिदेयोशीचा संशय बळावला एवढें निश्चित.

येथें क्षणभर पुन्हां वसईच्या तटावर उभे राहूं. हिदेयोशीस क्रूर म्हणणें सोपें आहे, आणि तो क्रूर होताही. परंतु त्याचा संशय अगदींच निराधार होता, असें वसईच्या तटावर उभा असलेला मनुष्य म्हणूं शकणार नाहीं. येथें १५३४ सालीं तह झाला, मागून तट आला, तटाच्या आश्रयानें मंदिरें आलीं, आणि आसपासचीं कित्येक देवळें गेलीं. तोफ आणि घंटा एकाच आवारांत नांदल्या. मात्र त्या संशयापायीं ज्यांस पकडलें, त्यांत तोफ ओढणारा कोणी नव्हता. महारोग्यांच्या जखमा धुणारे साधु होते, त्यांचे जपानी मदतनीस होते, आणि बारा-तेरा वर्षांचीं मुलें होतीं.

डिसेंबर १५९६ मध्यें साधूंच्या मठावर पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला व त्यांस गाड्यांत बसवून शहरांतून फिरविण्यांत आलें. तेथून भर थंडींत नागासाकीपर्यंतची महिन्याभराची वाट बहुतांशीं पायीं. वाटेंत आणखी दोघे त्यांस मिळून संख्या सव्वीस झाली : फ्रान्सिस्कन सहा, येशूसंघीय तीन व इतर सतरा. ते तिघे येशूसंघीय जपानी होते. पॉल मिकी त्यांपैकींच. ज्या संघानें गोन्सालोंस घेतलें नाहीं त्या संघाचे बंधु व गोन्सालो एकाच दोरखंडाच्या वाटेनें चालले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेंत उभे केले गेले. परंपरा सांगते कीं पहिला क्रूस गोन्सालोंचा होता. भाल्यांनीं भोसकून सर्वांचा अंत करण्यांत आला. गोन्सालोंचें वय त्या वेळीं सुमारें चाळीस. पंचवीस वर्षांपूर्वीं ते याच बंदरांच्या देशांत मुलगा म्हणून उतरले होते.

१६२७ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं या हुतात्म्यांस धन्यपद दिलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संतपद. मधल्या काळांत वसईचें चित्र पार पालटलें होतें. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं सुरुंगांनीं बुरूज उडवून वसई सर केली. पोर्तुगीज शहर सोडून गेले, मंदिरें ओस पडलीं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा वसईचीच म्हणून आजही दाखवितात. विद्यालयांतील धडे थांबले ते कायमचे. रोम येथें वसईच्या विद्यार्थ्यास संत म्हणून घोषित केलें, तेव्हां त्याच्या शाळेंत जवळजवळ सव्वाशें वर्षें एकही मूल बसलें नव्हतें.

वसईच्या ख्रिस्ती समाजानें मात्र हें नांव टाकलें नाहीं. पोर्तुगीज गेल्यावरही जे येथेंच राहिले, शेती-वाडी करीत व आपली सामवेदी अथवा वाडवळी बोली बोलत राहिले, त्यांनीं गोन्सालोंस परक्यांच्या राज्याची आठवण म्हणून नव्हे, तर गांवचा मुलगा म्हणून जपलें. आज वसईंत त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आहे. नागासाकीच्या त्या टेकडीवर १९६२ सालीं, संतपदाच्या शताब्दीस, सव्वीस जणांचें स्मारक उभारण्यांत आलें. त्या रांगेंत वसईचा चेहरा एकच आहे. आणि किल्ल्यांतील येशूसंघीयांचें तें सुबक दर्शनी भिंतीचें मंदिर, ज्याच्या दारावर संघाचीं तीन अक्षरें कोरलीं आहेत, तें आतां संत गोन्सालो गार्सिया यांच्या नांवानें ओळखलें जातें. पुढील सहलीस जाणाऱ्यांनीं तेथून डावी-उजवीकडे थोडें फिरून विद्यालयाचा चौकही पाहून यावा. वाटेंत गवत फार असतें, पायांत जोडे असूं द्यावे.