रेव्हरंड नारायण वामन टिळक : विद्येचे ऋण

द्रव्याचे ऋण ज्याचे त्यास परत करता येते. विद्येचे ऋण तसे फेडता येत नाही. गुरूने जे दिले ते गुरूस परत करावे म्हटले, तर त्यास त्याची गरज नसते. ते पुढे कोणा तरी धडपडणाऱ्या मुलाच्या ओंजळीत घालावे, हाच ते फेडण्याचा मार्ग होय. ज्या नगरात आज ‘अहिल्यानगर’ हे नाव रूढ होत आहे, त्या नगरात या रीतीने आपले ऋण फेडणारा एक पुरुष होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. त्यांची पदे आपण प्रार्थनेच्या वेळी गातो. परंतु ते स्वतः कसे शिकले आणि त्यांनी दुसऱ्यांस कसे शिकविले, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ता. ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने फार कडक होते. आई जानकीबाई मोठी भाविक व कवितेची आवड असलेली होती. मुलास काव्याचा छंद लागला तो तिच्यामुळे. पण नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच ही माउली निवर्तली. मातेचे छत्र गेले, पित्याची माया लाभेना; तेव्हा हा पोर घर सोडून नाशिकास आला. हाती पैसा नाही, ओळखीचे छप्पर नाही. होती ती केवळ शिकण्याची तहान.

त्या काळी गरीब विद्यार्थी गावातील घरी वार लावून जेवत व शास्त्र्यांच्या पायाशी बसून शिकत. गाव मुलास अन्न देई आणि शास्त्री विद्या देई. दोघेही त्याबद्दल मोल घेत नसत. नारायणासही परक्या घराने आसरा दिला आणि गणेशशास्त्री लेले या विद्वान गुरूंनी संस्कृत शिकविले. शास्त्रीबुवांच्या सहवासात संस्कृत काव्याचे जे संस्कार त्याच्या मनावर झाले, ते जन्मभर पुसले गेले नाहीत. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी तो हायस्कुलात गेला. परंतु सुमारे दोन वर्षांतच कुटुंबाचा भार अंगावर पडल्यामुळे त्यास शाळा सोडावी लागली. मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यास कधीच मिळाले नाही. तरी वाचन सुटले नाही. शाळेबाहेरचे शिक्षण अखंड चालूच राहिले.

सन १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या असून त्यांस अक्षरओळख नव्हती. टिळकांनी त्यांस लिहावयास व वाचावयास लाविले. टिळक हे सोशीक शिक्षक होते, असे मात्र म्हणता येणार नाही. ते शीघ्रकोपी व लहरी होते, आणि हातात आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वीच कोणा गरजवंतास देऊन टाकीत. संसार सावरण्याचे काम बहुधा लक्ष्मीबाईंच्याच वाट्यास येई. कोठे शिक्षक, कोठे पुराण सांगणारे, असे हिंडत हिंडत ते १८९१ च्या सुमारास नागपुरास गेले. तेथे आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले व ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले.

सन १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी स्नेहाने बोलून त्यांस नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती बारकाईने वाचली. गिरिप्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. पुढे दोन वर्षे मनाशी झगडून त्यांनी ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निश्चयाचे मोल त्यांस फार द्यावे लागले. आप्तेष्ट तुटले. लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि पतिपत्नींची सुमारे साडेचार वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई आपण होऊन नगरास आल्या, आणि तेथील जीवन डोळ्यांनी पाहून, स्वतः विचार करून, सन १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या मनावर टिळकांनी जुलूम केला नाही.

नगरास अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून होते, आणि ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ मध्ये याच शहरी निघाले होते. येथे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात टिळक धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. नाशिकच्या त्या निराधार मुलाने आता शिकविणाऱ्याची जागा घेतली, आणि घेतलेले परत देण्याचा काळ आला.

पहिला प्रसंग दुष्काळाचा. सन १८९९-१९०० मध्ये नगर जिल्ह्यात भयंकर अवर्षण पडले. गुरेढोरे मेली, माणसे देशोधडीस लागली आणि आईबापांवाचून उघडी पडलेली मुले मिशनच्या आश्रयास आली. टिळकांनी अशी मुले स्वतःच्या घरातही आणली. त्यांस न्हाऊमाखू घालावे, जेवू घालावे, शिकवावे, हे लक्ष्मीबाईंच्या घरचे नित्याचे काम झाले. पुढे प्लेगच्या साथीतही त्या माउलीने आजारी मुलींची शुश्रूषा केली. कोण्या काळी परक्या घरच्या अन्नावर वाढलेला मुलगा आता परक्या लेकरांस आपल्या पंक्तीस घेऊन बसत होता.

दुसरा प्रसंग काव्याचा. सन १९०७ मध्ये जळगाव येथे कविसंमेलन भरले. तेथे खानदेशातील सतरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या कवितेने जाणत्यांस थक्क केले, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली. हाच त्र्यंबक बापूजी ठोमरे. इतरांनी टाळ्या दिल्या. टिळकांनी त्यास आपल्या घरी ठेवून घेतले. या होतकरू तरुणास लक्ष्मीबाईंनी पोटच्या मुलाप्रमाणे वागविले आणि टिळकांनी काव्यातील वडीलधाऱ्याचा हात दिला. यजमान ख्रिस्ती पाळक व पाहुणा ब्राह्मण घरचा मुलगा. पण धर्माचा भेद या स्नेहाच्या आड आला नाही आणि ठोमरे हिंदूच राहिले. टिळकांस ‘फुलामुलांचे कवी’ म्हणत. त्यांच्या सहवासात राहिलेल्या या शिष्याने पुढे ‘फुलराणी’ लिहिली. दैवदुर्विपाकाने ता. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

तिसरे दान सर्व मंडळीस मिळाले. मराठी ख्रिस्ती उपासनेत परक्या चालींची भाषांतरित गीते पुष्कळ होती. टिळकांनी अभंग, ओवी व पदे यांतून शेकडो गीते रचिली, आणि नगरास आधीपासून चालत आलेल्या ख्रिस्ती कीर्तनास नवे तेज दिले. तुकाराम महाराजांची वाणी हाच आपल्यास ख्रिस्ताकडे नेणारा पूल झाला, असे ते मानीत. म्हणून जुने गुरू त्यांनी कधी टाकिले नाहीत. सन १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला व बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सर्वांस त्यात बंधू म्हणून बोलाविले. ता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेविला.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य तेव्हा थोडेसेच लिहून झाले होते. ते पूर्ण कोणी केले? ज्यांस त्यांनी मुळाक्षरे गिरवावयास लाविली होती, त्या लक्ष्मीबाईंनी! पुढे त्यांनीच लिहिलेले ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठी भाषेचे भूषण ठरले. गणेशशास्त्री लेले यांनी नाशिकात लाविलेला दिवा असा एका ज्योतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर गेला.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वर्गाबाहेरही गुरू आहेत; त्यांस ओळखा, आणि स्वतःस आलेले एखादे अक्षर ज्यास येत नाही त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि पालकहो, आपल्या घरच्या पंक्तीत परक्या गावाहून शिकावयास आलेल्या एका मुलापुरती जागा असेल, तर ती रिकामी ठेवू नका. त्या पाटावर कोणता कवी येऊन बसेल, हे आपणांस आज कोणी सांगावे?