पैलवान गामा

मुलांनो, उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. हा शब्द मराठीतही आहे. पण मराठीत 'तालीम' म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला. तालमीत कुस्तीचे डाव शिकवतो तो वस्ताद. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत गावोगावी तालमी आहेत. तेथे गामा पैलवानांचे नाव आजही आदराने घेतले जाते. एखादा मुलगा आपल्या ताकदीची फुशारकी मारू लागला, की तो स्वतःला गामा समजतो, असे मोठी माणसे हसून म्हणतात. हे गामा कोण होते, ते आज आपण पाहू.

गामांचे खरे नाव गुलाम मुहंमद. त्यांचा जन्म १८७८ मध्ये पंजाबातील अमृतसर जिल्ह्यात झाला. त्यांचे वडील अजीज बक्ष हे नामांकित पैलवान होते. गामा पाच-सहा वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले. मग आजोबांनी आणि त्यांच्यानंतर मामा ईदा पैलवान यांनी त्यांना सांभाळले. मामांनीच त्यांच्या अंगाला आखाड्याची माती लावली. वडिलांचे नाव राखायचे, ही एकच गोष्ट त्या लहान मुलाच्या मनात पक्की बसली.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी पैलवानांची एक स्पर्धा भरवली. देशभरातून चारशेहून अधिक पैलवान आले होते. ज्याच्या बैठका जास्त, तो श्रेष्ठ, अशी ती स्पर्धा होती. त्या गर्दीत दहा वर्षांचे गामाही उतरले. बैठका सुरू झाल्या. थकून एकेक पैलवान बाहेर पडू लागला. शेवटी जे पंधरा पैलवान उरले, त्यांत गामा होते. एवढ्याशा मुलाची ही जिद्द पाहून महाराज थक्क झाले. त्यांनी गामांनाच विजेता ठरवले.

या कौतुकाने गामा फुगून गेले नाहीत. पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्यात, आखाड्याची माती खणावी, मग कुस्त्या कराव्यात, हा नेम त्यांनी सोडला नाही. त्यांची उंची बेताचीच, साडेपाच फुटांहून थोडी अधिक होती. पण छाती रुंद आणि मान जाड होती. त्या काळी गुजराँवाल्याचे रहीम बक्ष सुलतानीवाला हे फार मोठे पैलवान होते. त्यांची उंची जवळजवळ सात फूट होती. १८९५ मध्ये सतरा वर्षांच्या गामांनी त्यांना आव्हान दिले. लोकांना वाटले, हा पोरगा क्षणात चीत होणार. पण तासन्‌तास झुंज चालली आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्या दिवसापासून गामांचे नाव सगळीकडे झाले. बडोद्याच्या संग्रहालयात एक मोठा दगड जपून ठेवला आहे. गामांनी तो १९०२ मध्ये उचलला होता, असे त्यावर कोरलेले आहे.

१९१० मध्ये गामा आणि त्यांचे धाकटे भाऊ इमाम बक्ष बोटीने लंडनला गेले. बंगालमधील एक धनिक शरतकुमार मित्र यांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च केला. लंडनमध्ये जगातील नामवंत पैलवान जमले होते. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. हिंदुस्थानातून आलेल्या या पैलवानाची उंची पाहून त्याला स्पर्धेत घ्यायलाच नकार मिळाला.

गामा निराश झाले नाहीत. त्यांनी जाहीर आव्हान दिले : कोणत्याही वजनाचे तीन पैलवान समोर यावेत, अर्ध्या तासात तिघांनाही हरवून दाखवीन. लोकांना ही नुसती बढाई वाटली. बरेच दिवस कोणी पुढे आले नाही. अखेर अमेरिकेचे पैलवान डॉ. बेंजामिन रोलर तयार झाले. गामांनी त्यांना पंधरा मिनिटांच्या आत दोन वेळा चीत केले. आता गामांना अडवणे कोणालाच शक्य नव्हते.

१० सप्टेंबर १९१० रोजी गामांची खरी कसोटी होती. समोर पोलंडचे झिबिस्को होते. ते जगातील पहिल्या दर्जाचे पैलवान मानले जात. ते वजनाने गामांपेक्षा खूप भारी होते. विजेत्याला २५० पौंड आणि 'जॉन बुल' नावाचा पट्टा मिळणार होता. ही कुस्ती मातीत नव्हे, तर गादीवर होती. दोन्ही खांदे गादीला टेकले, की हार. पहिल्याच मिनिटात गामांनी झिबिस्कोंना खाली घेतले. मग झिबिस्कोंनी एक युक्ती केली. ते गादीवर पालथे पडून राहिले. गामा त्यांना उलटवण्याचा प्रयत्न करीत, पण तो भारी देह हलत नसे. असे अडीच तासांहून जास्त वेळ चालले. प्रेक्षक कंटाळले. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली.

पुढच्या कुस्तीसाठी १७ सप्टेंबर हा दिवस ठरला. गामा वेळेवर हजर झाले. झिबिस्को आलेच नाहीत. पंचांनी गामांना विजयी ठरवले. बक्षीस आणि पट्टा त्यांना मिळाला. पण न लढता मिळालेल्या विजयाचे पैलवानाला कसले समाधान? झिबिस्कोंना चीत करायचे राहूनच गेले होते.

मायदेशी परतल्यावर अलाहाबादला रहीम बक्ष यांच्याशी त्यांची पुन्हा कुस्ती झाली. या वेळी गामा जिंकले आणि 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. पण आपला सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी कोण, असे विचारले की ते हरलेल्या रहीम बक्ष यांचेच नाव घेत. महाराष्ट्राशीही या घराण्याचा संबंध आला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले. १९१२ मध्ये त्या मैदानाची सुरुवात इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने झाली.

अशी वर्षे जात राहिली. शेवटी १९२८ च्या जानेवारीत पतियाळाच्या महाराजांनी गामा आणि झिबिस्को यांची कुस्ती ठरवली. लंडनच्या कुस्तीला सतरा वर्षे उलटून गेली होती. दोघेही पन्नाशीच्या जवळ आले होते. हजारो लोक ती कुस्ती पाहायला जमले. या वेळी आखाडा मातीचा होता. शड्डू ठोकले गेले, सलामी झडली आणि पाहता पाहता झिबिस्कोंची पाठ मातीला लागली. एक मिनिटसुद्धा झाले नव्हते! लंडनमध्ये अडीच तासांत जे झाले नाही, ते पतियाळात एका मिनिटाच्या आत झाले. पण त्या एका मिनिटामागे सतरा वर्षांचा नेम होता. लोक त्यांना 'रुस्तुम-ए-जमान' म्हणत.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. त्या काळात गामा लाहोरला होते. शहरात दंगे पेटले होते. माणूस माणसाला ओळखेनासा झाला होता. गामांच्या मोहल्ल्यात हिंदू कुटुंबेही राहत होती. त्यांच्यावर जमाव चालून आला, तेव्हा गामा आपल्या शागिर्दांना घेऊन वाटेत उभे राहिले, अशी आठवण सांगितली जाते. जमाव मागे फिरला. पुढे त्या शेजाऱ्यांना त्यांनी सुखरूप सरहद्दीपर्यंत पोहोचवले. त्या दिवशी ना पट्टा होता, ना बक्षीस, ना टाळ्या. तरीही ती त्यांची सर्वांत मोठी कुस्ती होती, असे म्हणावेसे वाटते.

गामांचे शेवटचे दिवस आजारपणात आणि पैशांच्या अडचणीत गेले. ही बातमी कळताच भारतातील उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्यांना मदत पाठवली. सरहद्द बदलली, तरी गामांवरचे लोकांचे प्रेम बदलले नव्हते. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामांचे निधन झाले.

मुलांनो, शरीर कमवणे चांगलेच. पण कमावलेली ताकद कोणासाठी वापरायची, हे ज्याला कळते, तोच खरा पैलवान. झिबिस्कोंना चीत करणारे गामा मोठे होतेच. पण शेजाऱ्यांच्या दारापुढे उभे राहणारे गामा त्याहून मोठे होते.