प्रोफेसर गो. ना. रामचंद्रन्

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र धांवूं लागतात तेव्हां देहाचा भार टाचेमागील एका बळकट कंडरेवर पडतो. ती कंडरा कोलॅजेन नामक प्रथिनाच्या तंतूंची झालेली असते. त्या प्रथिनाची घडण ज्यांनीं उकलली, त्या प्रोफेसर रामचंद्रन् यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

त्यांचा जन्म १९२२ सालीं एर्नाकुलम् येथें झाला. वडील गणिताचे प्राध्यापक होते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजांतून पदवी घेऊन ते विद्युत्-अभियांत्रिकी शिकावयास बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत गेले. परंतु सर चंद्रशेखर रामन् यांनीं त्यांस पदार्थविज्ञानाकडे ओढून घेतलें. पुढें केंब्रिजला डॉक्टरेट मिळवून ते परतले व १९५२ मध्यें, वयाच्या ऐन तिशींत, मद्रास विद्यापीठांत प्राध्यापक झाले.

तेथें त्यांनीं कोलॅजेनचा प्रश्न हातीं घेतला. तंतूंतून क्ष-किरण सोडावयाचे व छायाचित्रावर उमटलेल्या ठिपक्यांवरून आंतील अणूंची मांडणी ताडावयाची, असें हें चिकाटीचें काम. १९५४ मध्यें सहकारी गोपीनाथ कार्था यांसह त्यांनीं दाखविलें कीं, कोलॅजेनच्या रेणूंत तीन सांखळ्या एकत्र असतात. पुढल्याच वर्षीं त्यांनीं ह्या सांखळ्यांस दोरीच्या तीन पेडांप्रमाणें परस्परांभोंवतीं पीळ दिला. प्रत्येक तिसरा घटक ग्लायसीन हाच कां, याचाही उलगडा झाला: पिळाच्या गाभ्यांत त्याहून मोठा घटक मावतच नाहीं!

असे रेणु शेजारींशेजारीं, थोडे पुढेंमागें सरकून, आपोआप रचले जातात. विणकर लागत नाहीं. थंड सौम्य आम्लांत विरघळलेलें कोलॅजेन, आम्लता घालवून कोमट केलें असतां, पुनः तंतुरूप घेतें. उलट कातडें पाण्यांत उकळलें कीं पीळ सुटतो व जिलेटिन मिळतें.

परंतु केंब्रिजच्या रिच व क्रिक यांनीं आक्षेप घेतला कीं, ह्या रचनेंत कांहीं अणु फारच जवळ आले आहेत. बंधांच्या तपशिलांत त्यांचेंच म्हणणें पुढें ग्राह्य ठरलें. एखादा रुष्ट होऊन बसला असता. रामचंद्रन् यांनीं मात्र निराळाच प्रश्न विचारला: अणु एकमेकांच्या किती जवळ येऊं शकतात? ज्ञात स्फटिकांतील अंतरें त्यांनीं तपासलीं आणि १९६३ मध्यें रामकृष्णन् व शशिशेखरन् यांसह एक नकाशा प्रसिद्ध केला. प्रथिनाच्या सांखळीस कोणते वळसे शक्य व कोणते अशक्य, हें त्यावरून कळतें. आमच्या मतें कोलॅजेनहूनही हें कार्य थोर. कारण नवी प्रथिनरचना पारखतांना जगभर आजही तोच ‘रामचंद्रन् नकाशा’ पुढें ठेवतात.

१९७७ मध्यें ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल पारितोषिक त्यांस लाभलें नाहीं, याची आम्हांस हळहळ वाटते. ७ एप्रिल २००१ रोजीं चेन्नई येथें त्यांचें देहावसान झालें.