प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज

ज्या पुरुषाने आयुष्यात एक अक्षरही डोळ्यांनी वाचले नाही, त्याने १३० च्या वर लहानमोठे ग्रंथ रचले, आणि तो पुरुष आपल्या वऱ्हाडातला, हे आठवले की आम्हां शिक्षकांची मान आपोआप लवते.

श्रीगुलाबराव महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या आजोळच्या गावी झाला. घराणे माधानच्या मोहोडांचे. बाळ नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचा विकार झाला, त्यात भलतेच औषध पडले आणि दृष्टी कायमची गेली, असे चरित्रकार सांगतात. चौथ्या वर्षी आईही अंतरली. पुढे काही वर्षे आजीने सांभाळले.

दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घ्यावेत, ऐकलेले स्मरणात साठवावे, अशी त्यांची विद्या वाढली. १८९६ साली विवाह झाला, प्रपंच चालू राहिला. १९०१ साली श्रीज्ञानेश्वर माउलींचा अनुग्रह झाल्याचे ते सांगत व स्वतःस माउलींची कन्या म्हणवीत. वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद यांवर त्यांनी सांगावे आणि भक्तांनी लिहून घ्यावे. ‘संप्रदायसुरतरु’ हा त्यांतील प्रसिद्ध ग्रंथ. डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. वय अवघे ३४ वर्षांचे.

महाराजांची थोरवी गाताना ते औषध विसरून चालणार नाही. अशी प्रज्ञा लाखांत एखाद्यास लाभते. डोळे गमावलेली इतर बालके अंधारातच राहतात. महाराजांचा विकार गाठीचा होता असे नव्हे. परंतु तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत व खोबणीत क्वचित कर्करोगाच्या गाठीही होतात. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, डोळा नव्याने तिरळा होणे, एकच डोळा पुढे येणे किंवा पापणी सुजून राहणे, ही त्यांची लक्षणे होत. खोबणीतील काही गाठी थोड्या आठवड्यांतच वाढतात. वेळीच निदान झाल्यास औषधे, किरणोपचार वा शस्त्रक्रिया यांनी प्राण आणि पुष्कळदा दृष्टीही वाचते.

म्हणून अमरावती-अकोल्याकडील आपल्या कुटुंबांस आमची विनंती एवढीच: मुलाच्या डोळ्यांत ऐकीव औषध घालू नका, त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठा. महाराजांच्या स्मृतीस हेच खरे वंदन होय.